सरासरीची रेघ

त्रिपुरसुंदरी टीचर इतकी दमली होती, की दमल्याची तक्रार करायचाही तिला कंटाळा आला होता. एप्रिल संपत आलेला. कुंभकोणमचं ऊन असं, की महामहम तळ्याच्या पायऱ्यांवर कुत्रंसुद्धा पाय ठेवत नव्हतं. नववीचे गणिताचे पेपर तपासून तिची मान आखडली होती, आणि घसा डिसेंबरात बसला तो अजून उठायचं नाव घेत नव्हता. तीस वर्षं गणित शिकवलं की माणूस फार शहाणं होतं, असं लोकांना वाटतं. कसलं शहाणं नि कसलं काय! माणूस घोगरं होतं, एवढंच.

आणि त्यात ही रेघ.

रेघ म्हणजे शाळेची जुनी रीत. निकाल लागला की वर्गाच्या फळ्यावर मुलांची नावं गुणांच्या उतरत्या क्रमाने लिहायची, वर्गाची सरासरी काढायची, आणि ती जिथे पडेल तिथे लाल खडूने आडवी रेघ मारायची. वरची ती धड मुलं. खालची ती ‘यांचं काहीतरी बघायला हवं’ अशी मुलं. नववीत तर ही रेघ म्हणजे सुरीच. पुढे दहावीची सरकारी परीक्षा, निकालानंतर शाळेच्या फाटकावर फोटोंचे फ्लेक्स, आणि त्यावर शाळेची सरासरी हातभर मोठ्या आकड्यांत. म्हणून तळाची पाच-सहा मुलं नववीतच दाखला काढून दुसऱ्या शाळेत जातात. आपण होऊन जातात हं! शाळा कुणाला काढत नाही. शाळा फक्त आईबापांना बोलावते आणि वर्गशिक्षिका त्यांना समजावते. नववी ‘ब’ची वर्गशिक्षिका त्रिपुरसुंदरी, तेव्हा ते समजावणं तिच्याच कपाळी.

“सहा गेले की आपली रेघ सदुसष्टवरून थेट बहात्तरवर जाते, टीचर,” करस्पाँडंट वैद्यनाथ म्हणाला. करस्पाँडंट म्हणजे शाळेचा चालक, मालक आणि कुंपणाच्या आतला परमेश्वर. माणूस वाईट नव्हता. कुणाकडे लग्न असो, मयत असो, पहिला हजर. पण सरासरीचा विषय निघाला की त्याला दुसरं काही दिसत नसे. “पाच झाले. ती शिंप्याची पोरगी तेवढी राहिली.”

“गोदा,” ती म्हणाली.

“तीच. तिचा बाप तुमच्याच लोकांतला ना, मराठी? मग तुमच्या भाषेत सांगा. गोड लागेल.”

हे सगळं अर्थात तमिळमध्ये चाललं होतं. शाळेत त्रिपुरसुंदरीच्या तोंडून मराठीचा एक शब्द कधी कुणी ऐकला नव्हता. तिचे पूर्वज इथे भोसल्यांचं राज्य होतं तेव्हा कारकुनीला आले, गोदाच्या बापाचे, हनुमंतराव शिंप्याचे, विठ्ठलाचं भजन म्हणत कापड शिवायला आले. आळ्या वेगळ्या, जेवणाच्या पंगती वेगळ्या, पण उंबऱ्याच्या आत दोघांकडेही भाषा एकच. आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. चपला बाहेर काढाव्यात तशी ही भाषा घरात काढून ठेवायची आणि मग बाजारात जायचं, हे कुणी शिकवावं लागत नसे.

तशी ती भाषा बाहेर न्यायची सोयही नव्हती म्हणा. एकदा ती नवऱ्याबरोबर पुण्याला लग्नाला गेली होती. तिथे कुणाला तरी “कोठे बैसू?” असं पुसलं, तर सगळा मांडव खो खो हसला. कुणी म्हणे किती गोड, कुणी म्हणे नाटकातलं बोलताय का. एक बाई तर हळूच म्हणाली, नॉर्मल मराठी नाही येत का तुम्हाला? परतीच्या गाडीत तिचा नवरा शिवप्रसाद म्हणाला होता, “घ्या! गणिताच्या टीचर, पण पुण्यात तुम्ही रेघेखाली.” ती हसली होती. पण झोंबलं होतं, ते काही लवकर उतरलं नाही.

तर करस्पाँडंटने सांगितलं म्हणून नव्हे, दमली होती म्हणून तिने मराठीत सांगायचं ठरवलं. पाच घरांना समजावून झालं होतं. एक आई ढसाढसा रडली. एका बापाने टेबलावर मूठ आपटली. आणि एकाने रामानुजन काढला. कुंभकोणमला शिकवायचं म्हणजे रामानुजन टाळता येत नाही बघा! ज्याचं पोर नापास, त्याचा बाप येऊन सांगणार, “टीचर, रामानुजनसुद्धा इथल्याच कॉलेजात नापास झाला होता.” अरे बाबा, झाला होता. पण त्याच वर्षी नापास झालेल्या बाकीच्या पोरांचं काय झालं, हे कुणी विचारतं का? तिला ती गोष्ट ऐकून ऐकून वीट आला होता. आता सहाव्यांदा रडणं नको, मूठ नको आणि रामानुजन तर नकोच नको.

हनुमंतराव दुपारी आला. गळ्यात टेप तशीच, शर्टाला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. खुर्चीच्या काठावर टेकला.

“बैसा नीट, हनुमंतराव,” ती मराठीत म्हणाली. “घाई नाही.”

तो ताडकन उभा राहिला. या इमारतीत, या टेबलापलीकडून ही भाषा येईल, असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. मग सावकाश बसला आणि हात जोडून ऐकू लागला. तिने सांगितलं, की गोदा गुणाची पोर आहे, पण वर्गाच्या सरासरीच्या फार खाली आहे. सदुसष्टची रेघ आणि हिला छत्तीस. या शाळेचा वेग तिला झेपायचा नाही, सरकारी शाळेत तिला बरं पडेल. “तिच्या भल्यासाठीच सांगत्ये,” असंही ती म्हणाली. पाच जणांना तमिळमध्ये जे सांगितलं तेच, शब्दाला शब्द.

“अक्का,” तो म्हणाला, “तुम्ही म्हणता तर तेच खरं.”

बस, एवढंच. ना रडला, ना भांडला. सही कुठे करायची ते विचारलं आणि केली. जाताना दाराशी वळून पुन्हा हात जोडले. सुंठीवाचून खोकला गेला, असं तिला वाटलं, आणि त्या संध्याकाळी कितीतरी दिवसांनी तिला कॉफीची चव लागली.

दोन दिवसांनी हनुमंतराव तिच्या घरी आला. हातात ताट. ताटात नारळ, केळी, विड्याची कोवळी पानं, वर एक निळा खण. शिवप्रसादने त्याला ओसरीवर बसवलं, पितळी पेल्यातून कॉफी दिली. शिवप्रसाद टपाल खात्यातून निवृत्त झालेला. घरी कुणी आलं की त्याला बरं वाटे.

“हे कशाबद्दल?” त्रिपुरसुंदरीने ताटाकडे बघत पुसलं.

“तुम्ही वाट दाखवलीत, त्याबद्दल,” तो म्हणाला. “गोदाला दुकानात बैसवली, अक्का. मशीन दिली तिला. आता जूनचे युनिफॉर्म येतील, तोवर हात बसेल.”

“दुकानात? मी सरकारी शाळेत घाला म्हटलं होतं!”

“म्हटलं होतंत. पण त्याआधी म्हणालात ना, ती सरासरीच्या खाली आहे? मग ही शाळा काय, ती शाळा काय. बुटक्या पोराला दुसऱ्या दुकानात नेऊन मापं घेतली, तर ते उंच निघतं का?” तो हे अगदी शांतपणे बोलला. कडवटपणा नव्हता, उलट डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखा होता. “खरं सांगू, अक्का? पहिलीपासून सगळे टीचर हेच सांगत आले. पोर मंद आहे, पोर मागे आहे. ते तमिळमध्ये सांगत होते. मी मनावर घेतलं नाही. म्हटलं, परके आहेत, त्यांना काय पडलंय. मी हिला शिकवणारच. आणि मग तुम्ही आपल्या भाषेत सांगितलंत. घरच्या माणसाने सांगितल्यावर संपलं ना.”

कॉफी संपवून तो गेला. शिवप्रसाद ताट आत घेऊन आला, तर बायको देवासमोर नुसती बसलेली.

“काय झालं ग?”

“हात दाखवून अवलक्षण झालं,” ती म्हणाली. “पाच जणांना तमिळमध्ये सांगितलं, त्यांनी शिव्या दिल्या आणि पोरं दुसऱ्या शाळेत घातली. याला मराठीत सांगितलं, तर याने पोरीची शाळाच बंद केली.”

“मग जा आणि परत सांग.”

“काय सांगू?”

“ते मला काय ठाऊक? मी पोस्टातला माणूस. चुकीच्या पत्त्यावर गेलं तर परत आणायचं, एवढं कळतं.”

ती चिडली. जायचं म्हणजे कबूल करायचं, आणि कबूल करायचं तर काय? रेघ तिने शोधून काढली नव्हती. ती नोकरी करत होती. सगळ्या शाळा हेच करतात. तिने स्वतःला असली सगळी उत्तरं देऊन पाहिली. सगळी बरोबर होती आणि एकही पुरत नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटायलाही अंगात जोर लागतो, तो नव्हता म्हणून नुसतं रडू आलं.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेली. हनुमंतरावाचं दुकान पितळेच्या समयांच्या दोन दुकानांच्या मधे, बोळाएवढं. आत तीन मशिनी, वर एक पंखा, भिंतीवर विठ्ठलाची तसबीर. शेवटच्या मशीनवर गोदा. दोन वेण्या, कपाळाला घाम, जीभ ओठांत धरलेली. पंधरा वर्षांची पोर, पण वाकून बसल्यावर केवढी तरी मोठी दिसत होती.

खरं सांगायचं तर वाटेत त्रिपुरसुंदरीने एक आशा धरली होती. वाटलं होतं, पोरीच्या हातात शिवणाची जादू असेल. नसेल गणित, पण बोटं सोन्याची असतील, म्हणजे आपलं ओझं जरा हलकं होईल. तिने पुढे होऊन गोदाच्या हातातला स्कर्ट पाहिला. शिवण नागमोडी गेली होती. एका जागी कापडच दुमडून शिवलं होतं. कसली जादू नि कसलं सोनं!

“हनुमंतराव,” ती उभ्यानेच म्हणाली, “मी त्या दिवशी तुम्हाला खोटं सांगितलं.”

त्याची कात्री थांबली.

“तिच्या भल्यासाठी सांगत्ये म्हटलं. तिच्या भल्यासाठी नव्हतं ते. शाळेची सरासरी वर जावी म्हणून होतं. दरवर्षी आम्ही खालची पोरं काढतो, म्हणजे वरचा आकडा चांगला दिसतो. आणि मी दमले होते, म्हणून तुमच्याशी आपल्या भाषेत बोलले. तमिळमध्ये बोलले असते, तर तुम्ही भांडला असतात. मला भांडण नको होतं.”

पुढच्या मशीनवरची बाई पाय थांबवून ऐकू लागली. तिला मराठी कळत नव्हतं, पण टीचरचा चेहरा कळत होता. हनुमंतरावाने कात्री कापडावर ठेवली. मग एकदम त्याचा चेहरा उजळला.

“म्हणजे ती हुशार आहे?”

हीच ती जागा. एक वाक्य पुरलं असतं. हो, तिच्यात काहीतरी आहे, अजून कुणाला दिसलेलं नाही, थांबा आणि बघा. या गावात ही गोष्ट कुणालाही पटते, कारण एकदा ती खरी ठरली आहे. बाप खुश झाला असता, पोर जूनमध्ये वर्गात बसली असती. त्रिपुरसुंदरीच्या अगदी जिभेवर आलं होतं ते.

“नाही,” ती म्हणाली. “हुशार नाही. गणितात कच्ची आहे, बाकीच्यातही बेताची. एकदा सांगून कळत नाही, दोनदा सांगून कळत नाही. चौथ्यांदा कळतं. मग सकाळपर्यंत त्यातलं अर्धं विसरते.”

त्याचा चेहरा पडला. “मग?”

“मग काय? चौथ्यांदा कळतं ना! शाळेत बसायला तेवढं पुरे आहे. हुशार असलं तरच शिकायचं, नाहीतर मशीनवर बसायचं, असं कोणी ठरवलं? अहो, सरासरी म्हणजे काय? सगळ्यांचे गुण एकत्र करायचे आणि सारखे वाटायचे. सगळे सारखेच नसतील तर कुणी ना कुणी तिच्या खाली येणारच. आज खालची सहा काढा, उद्या जी वर होती त्यातली खाली येतील. परवा त्यांना काढा. काढत काढत शेवटी एकच पोर उरेल वर्गात. ते बरोब्बर सरासरीएवढं असेल. मग समाधान!” तिचा घसा फाटला आणि खोकल्याची उबळ आली. हनुमंतरावाने पाण्याचा तांब्या पुढे केला.

“तुमचं आता कोणतं खरं मानू, अक्का?” त्याने हळूच पुसलं. “तेव्हाही याच भाषेत बोललात. आताही याच भाषेत.”

ती पाणी प्याली आणि तांब्या परत दिला.

“पस्तीस लागतात ना, टीचर?” मागून गोदा म्हणाली. मराठीत. “पास व्हायला?”

“पस्तीस.”

“मला छत्तीस होते.” गोदाने बापाकडे पाहिलं. “अप्पा, एक जास्तीच आहे.”

हनुमंतराव गोदाच्या मशीनपाशी आला. तिच्या हातातला स्कर्ट घेतला, उजेडात धरला, आणि ब्लेडने एकेक टाका उसवू लागला. बराच उसवून झाल्यावर म्हणाला, “शिवणही सरळ जात नाही हिची. माझं कापड तरी कशाला वाया घालवू? बैसू दे शाळेतच.”

सोमवारी त्रिपुरसुंदरीने करस्पाँडंटला सांगितलं, की गोदा दाखला घेणार नाही, बापाने सही मागे घेतली आहे, आणि जबरदस्तीने काढायचं असेल तर तसं शाळेने लिहून द्यावं. वैद्यनाथ तिच्याकडे बघतच राहिला. इतक्या वर्षांत ही बाई ‘सरी सर’, म्हणजे ‘बरं सर’, याशिवाय दुसरं काही बोलली नव्हती.

“ठेवा,” शेवटी तो म्हणाला. “पण टीचर, शिक्षकांचीही रेघ असते, तुम्हाला माहीत आहे. दहावी ‘ब’ यंदा श्रीवत्स सर घेतील. तुम्ही सहावी बघा. विश्रांती मिळेल.”

“सरी सर,” ती म्हणाली.

वाईट वाटलं तिला, खोटं कशाला बोला. दहावीचा वर्ग म्हणजे तिची जागा होती. तिथे ती कोण आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं. आणि ज्या पोरीसाठी हे केलं, तिला शिकवायचंही नशिबात नाही. श्रीवत्स तरुण होता, हुशार होता, आणि कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा सांगायचा त्याला भयंकर राग होता. गोदाचं तिथे काय होणार, हे दिसतच होतं. आगीतून फुफाट्यात. एकच बरं झालं, सहावीचा वर्ग तळमजल्यावर होता आणि तिच्या गुडघ्यांना जिना वाचला.

जूनमध्ये शाळा उघडली. दहावीच्या फळ्यावर नववीच्याच गुणांची नवी रेघ पडली, गेलेली पाच पोरं वगळून. त्याच दिवशी कीर्तीची आई तळमजल्यावर धावत आली. कीर्ती म्हणजे गेल्या वर्षी रेघेच्या जरा वर असलेली, सत्तर गुणांची, नीटनेटकी मुलगी.

“टीचर, माझी कीर्ती खाली कशी गेली? सुट्टीत क्लास लावला होता हो तिला!”

कीर्ती काही विसरली नव्हती. तिचे सत्तर सत्तरच होते. फक्त रेघ तिच्या डोक्यावरून वर गेली होती. त्रिपुरसुंदरीने त्या बाईला बाकावर बसवलं आणि हे सगळं समजावून सांगितलं. बाईने डोळे पुसत ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे आता कुठला क्लास लावू?”

जुलैत पहिल्या चाचणीचा निकाल लागला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत गोदा सहावीच्या वर्गाच्या दारात उभी. मुलं अंगणात पांगली होती. त्रिपुरसुंदरीने डबा अर्धवट खाऊन बाजूला सारला होता आणि टेबलावर डोकं टेकून पाच मिनिटं पडावं म्हणत होती.

“टीचर,” गोदा मराठीत म्हणाली. शाळेत आता ती दोघींची सवयच झाली होती. गोदाला ती चोरून बोलायची भाषा आहे हे कधी कळलंच नाही बहुतेक. “श्रीवत्स सर म्हणाले, एकामुळे सगळ्या वर्गाची रेघ खाली आली. सगळे माझ्याकडे बघत होते.”

“किती पडले तुला?”

“छत्तीस.” आणि जराशी थांबून, “परत.”

“बैस.”

गोदा समोरच्या बाकावर बसली.

“किती खाली आली रेघ?” त्रिपुरसुंदरीने पुसलं.

“ते नाही सांगितलं सरांनी.”

“मग काढ. वही घे. तू सोडून वर्गात चाळीस जण. त्यांची सरासरी?”

“चौऱ्याहत्तर. फळ्यावर लिहिली होती, मला वगळून म्हणून.”

“मग चाळिसांचे मिळून गुण किती?”

गोदाने गुणाकार मांडला. दोन हजार सहाशे नव्वद आले. त्रिपुरसुंदरीने नुसती मान हलवली. गोदाने खोडलं, पुन्हा केलं, दोन हजार नऊशे साठ. मग स्वतःचे छत्तीस मिळवले. ते करताना तिने आपला आकडा उगाच बारीक लिहिला. मग एकेचाळीसने भागायचं आलं, आणि तिथे सगळं अडलं. एकेचाळीसचा पाढा कुणाला येतो? ती बोटांवर मोजत राहिली. एकदा भागाकार एकशे सातवर गेला. एकदा सातावर. त्रिपुरसुंदरीचे डोळे मिटत होते. तिला उत्तर केव्हाच कळलं होतं. वही ओढून घेऊन एका ओळीत लिहून द्यावं, असं दहादा मनात आलं. पण ती गप्प बसली आणि फक्त म्हणत राहिली, “परत बघ.”

“त्र्याहत्तर,” गोदा शेवटी म्हणाली. “बाकी तीन.”

“आणि तू नसतीस तर?”

“चौऱ्याहत्तर.”

“मग किती उतरली?”

गोदाने दोन्ही आकड्यांवर बोट ठेवलं. तिचे ओठ हलले. “एक,” ती म्हणाली. मग बाकी उरलेल्या तीनवर बोट नेलं. “एकही नाही पुरता, टीचर.”

त्रिपुरसुंदरी सावरून बसली. तीस वर्षांत तिने किती रेघा मारल्या होत्या, आणि हे साधं गणित एकदाही करून पाहिलं नव्हतं. एक अख्खं पोर वर्गातून जातं, तेव्हा वर्गाला काय मिळतं, ते. ती रडणारी आई तिला आठवली, ती टेबलावर आपटलेली मूठ आठवली. त्यांच्या पोरांची नावं मात्र तिला पटकन आठवेनात.

गोदा अजून वहीकडे बघत होती. इतकं कमी कसं असेल, हे तिच्या डोक्यात शिरत नव्हतं. पहिलीपासून सगळे सांगत आले होते, बापाने मशीनवर बसवलं होतं, काल सगळा वर्ग तिच्याकडे वळून बघत होता.

“एवढ्यासाठी?” तिने पुसलं.

“होय ग बाई,” त्रिपुरसुंदरी म्हणाली. “एवढ्यासाठी.”

बाहेर घंटा झाली. सहावीची मुलं धावत आत येऊ लागली, आपापल्या जागा शोधू लागली. गोदा उठली नाही. तिने खोडरबर घेतलं आणि सगळं उदाहरण वरपासून खालपर्यंत पुसून टाकलं.

“माझंच काहीतरी चुकलं असणार,” ती म्हणाली, आणि पुन्हा चाळीस गुणिले चौऱ्याहत्तर मांडू लागली.